चीक भरताना नाव घेऊ नये

सोमवार, ८ सप्टेंबर

वाइओला, विमानात बसल्यावर तरी आठवलं का, की फोनची तार माझ्या उशाशीच राहिली? नसेल आठवलं. डोकं मानेला जोडलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही इथे खुंटीला टांगून गेली असतीस. तुझ्या त्या विसरलेल्या तारेवरच माझा फोन जिवंत आहे, म्हणजे तुझ्या विसरभोळेपणाचाही कुणाला तरी उपयोग आहे.

तू म्हणालीस, आजी, रोज काहीतरी बोल, फोन आपोआप पाठवेल, मी ब्रिस्बेनला बसून वहीत उतरवून घेईन. घे तर उतरवून. मला अक्षर एकही येत नाही, पण बोलायला कधी कुणाकडून उधार आणावं लागलं नाही. वार-तारीख शेजारची सिलिंगा सांगते.

नव्या घरात आजची पहिली सकाळ. त्सुनामीच्या लाटेनंतर सगळं गाव टेकडीवर चढलं आणि मीच एकटी खाली समुद्राला टक लावून बसले होते. शेवटी तुझ्या बापाने हे घर बांधलं आणि सांगितलं, आई, आता तरी वर ये. आले. निळा पत्रा, सिमेंटच्या भिंती, आणि न्हाणीघर घराच्या आत. जेवायचं त्याच छपराखाली तेही करायचं, ही सुधारणा. सिलिंगा बघायला आली आणि म्हणाली, म्हातारे, आता तू घरातल्या घरात हरवशील.

न्हाणीघरात बेसिन आहे, पाद्र्याच्या कवळीसारखं पांढरंशुभ्र. ते तुझ्यासाठी. पुढच्या महिन्यात मुलांच्या पांढऱ्या रविवारच्या सणाला तू येशील, तेव्हा त्या आरशापुढे हवा तेवढा वेळ केस विंचर. मी बाहेर उभी राहून ओरडणार नाही. थोडंच ओरडेन.

एकच खुपतं. तुझ्या आजोबाची समाधी खाली अंगणातच राहिली. तिच्यात आहे काय तर त्याचा रविवारचा सदरा. समुद्राने माणूस परत दिला नाही, म्हणून आपण सदराच पुरला. तरी रोज सकाळी त्याच्याशी दोन शब्द बोलायची सवय होती. आता कुणाशी बोलू? म्हणून तुझं हे फोनचं काम मी पत्करलं.

बुधवार, १० सप्टेंबर

बेसिन गळतं. नवंकोरं बेसिन, आणि खाली लादीवर थेंब. माझ्या बहिणीचा पेनितिला, ज्याने ते बसवलं, त्याला बोलावलं. तो खाली मान घालून, पाय बाहेर काढून बराच वेळ पडून राहिला, मला वाटलं झोपलाच. मग म्हणाला, मावशी, जाळीच्या कडेखाली पुट्टी कमी पडली. मी म्हटलं, पुट्टी कमी पडली की तू कमी पडलास? तो म्हणाला, दोन्ही.

त्याने खालचा नट सोडवला, भोकातली जाळी वर उचलली, जुनी पुट्टी खरवडली. नवी पुट्टी हातात मळून तिची शेवयांसारखी वळी केली, जाळीच्या कडेखाली गोल बसवली आणि नट आवळला. कडेने जी बाहेर आली ती बोटाने पुसून घेतली. बघायला छान वाटलं. पोळीला कड दाबावी तसं. म्हणाला, उद्यापर्यंत पाणी सोडू नकोस. मी त्याला चार अळकुड्या आणि नारळाच्या दुधात भाजलेली अळूची पानं दिली. पुट्टीपेक्षा ती जास्त चिकट होती.

शनिवार, १३ सप्टेंबर

अजून गळतंच आहे. पेनितिला पुन्हा आला, या खेपेला नळीतलं सिलिकॉन घेऊन. त्याचा वास असा की शेजारची डुकरं उठून पलीकडे गेली.

एक गंमत सांगते. खाली ठेवलेल्या वाडग्यात बोट बुडवून मी चाखलं, तर खारट. पेनितिलाला म्हटलं, तर म्हणे, मावशी, तुझ्या बोटाचा घाम असेल. टाकी टेकडीच्या डोक्यावर, पाणी झऱ्याचं, मीठ कुठून येणार? मी त्याला चाखायला सांगितलं. त्याने चाखलं, थुंकला, आणि म्हणाला, तुझी बोटंच खारट आहेत. बोट त्याचं होतं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

नळ बंद आहे. मागे टाकीची चावीही बंद केली. तरी संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजतो त्या सुमाराला बेसिनखाली ठिबकायला लागतं. तुला ठाऊकच आहे, शंख वाजला की सगळं गाव घरात, रस्त्यावर कुत्रंही नाही, दुसरा शंख होईपर्यंत कुणी कुणाच्या दारात जायचं नाही. मी एकटी स्तोत्र म्हणत होते आणि ते वाडग्यात ताल धरत होतं. दुसऱ्या शंखाला वाडगं काठोकाठ भरलेलं.

पेनितिला म्हणाला, मावशी, आता देवावर सोड. मी म्हटलं, देवाने पुट्टी लावली नव्हती.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज मीच केलं. माझा बाप उलांडीच्या, कडेला आधाराचं लाकूड बांधलेल्या, होड्या बांधायचा हे तू विसरली नसलीस तर बरं. त्याच्या होडीच्या फटीतून समुद्र आत आल्याचं गावात कुणाला आठवत नाही, आणि त्याच्याकडे सिलिकॉन नव्हतं. त्याच्याकडे नीरफणसाचा चीक होता.

पहाटे परसातल्या नीरफणसाला कोयत्याने चिरा दिल्या. ऊन चढेपर्यंत चीक दाटला. तो खरवडून नारळाच्या बारीक काथ्याबरोबर मळला, दिव्याची काजळी घातली, मंद आचेवर फिरवत राहिले. हातांना अजून आठवतं सगळं. मग पेनितिलाचं ते सिलिकॉन कातडं सोलावं तसं सोललं, भोकाची कड कोरडी करून घेतली, चिकाची काळी वळी गोल बसवली, जाळी दाबली. खालून पेनितिलाने नट आवळला, वरून मी अंगठ्याने सांधा घोटत राहिले.

काम करताना माझं तोंड कधी बंद असतं का? म्हणाले, ही जागा माझ्या वाइओलाची. इथे ती उभी राहणार, इथे वाकणार, हे सगळं तिच्यासाठी. पेनितिला खालून म्हणाला, मावशी, बेसिनला सांगतेस की मला?

संध्याकाळी शंख वाजला. वाडगं कोरडं. मी त्या बेसिनपुढे हात वर करून नाचले. तू नव्हतीस म्हणून वाचलीस.

रविवार, २१ सप्टेंबर

कोरडं आहे. थेंब नाही. तुझा निरोप आला की तिकीट काढलं. दुपारच्या जेवणाला सिलिंगा होती, तिला सांगताना मी दोनदा वाढलं, तिने दोन्ही वेळा खाल्लं.

प्रार्थनेच्या वेळी काहीतरी विचित्र वाटलं. घर हललं. भूकंपासारखं नाही. होडी काठावरून पाण्यात ढकलली की खालून पाणी तिला हातावर घेतं, तसं. अलगद. भिंतीवरचं येशूचं चित्र एका बाजूला कललं आणि परत सरळ झालं. रक्तदाबाची गोळी चुकली असेल म्हणून मी दोन घेतल्या.

मंगळवार, २३ सप्टेंबर

रक्तदाब नाही. काल आणि आज, शंखानंतर, जमिनीखालून लाकडाचा आवाज. टक्. मग थांबून टक्. होडीच्या अंगाला वल्हं घासतं तो आवाज मी जन्मापासून ऐकलाय, मला तो कुणी शिकवायला नको.

आणि तो ऐकताना बापाचं एक आठवलं. इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं. चीक भरायच्या दिवशी तो आम्हा पोरांना हाकलून द्यायचा. फटी बुजवताना तो ज्याचं नाव घेईल, त्याची होडीत जागा. म्हणून ज्याची होडी, त्याचंच नाव घ्यायचं, आणि एरवी तोंड मिटून काम करायचं. एकदा माझ्या थोरल्या चुलत्याने थट्टेत वाडीतल्या एका लंगड्याचं नाव घेतलं होतं. तो लंगडा कधी समुद्रावर गेला नव्हता. होडी पाण्यात उतरली त्या आठवड्यात तो भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, चालत गेला आणि तिच्यात जाऊन बसला. वारा नव्हता, वल्हं कुणाच्या हातात नव्हतं. होडी गेली.

मी हसत होते, वाइओला. अंगठ्याने चीक घोटत होते आणि हसत हसत तुझं नाव घेत होते.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आजोबा आहे.

बेसिनमधून खोकला आला. सकाळी उठल्यावर तो घसा साफ करायचा, तीनदा, शेवटचा लांब. तोच. मी बेसिनच्या काठाला धरून उभी राहिले. मग त्याने विचारलं की पोर आली का. मला नावाने तो कधी हाक मारत नसे, आजही नाही मारली. फक्त विचारलं, पोर आली का.

लाटेच्या दिवशी त्याने तुला नीरफणसाच्या बेचक्यात चढवलं आणि म्हणाला घट्ट धर, आणि पाणी आलं. तुझे दुधाचे दात पडत होते तेव्हा. तो तुझं वाईट करणार नाही, कधीच नाही. पण तो सांगितलेलं काम करणारा माणूस आहे. सगळा जन्म मी सांगितलं ते त्याने केलं. आता मी सांगितलं की वाइओलाची जागा आहे, तर तो वल्हं घेऊन तुला न्यायला आलाय. मी त्याला म्हटलं, चुकले, परत जा. तो पुन्हा म्हणाला, पोर आली का.

तू येऊ नकोस. तिकीट मोड.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

तुझा निरोप आला. सिलिंगाने वाचून दाखवला. तू हसण्याची पाच तोंडं पाठवलीस आणि म्हणालीस, आजी, या वेळची गोष्ट फार भारी आहे, मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवली.

ही गोष्ट नाही, पोरी. मी आयुष्यभर तुझी थट्टा केली, मान्य. पण ही थट्टा नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

चीक काढायचा प्रयत्न केला. पेनितिलाने सुरी घातली, सुरीचं टोक मोडलं. छिन्नी लावली. चीक दगड झालाय. काळा, चकचकीत, माझ्या अंगठ्याचा ठसा त्यात तसाच. शेवटी मी म्हटलं, बेसिनच फोड. त्याने हातोडा उचलला आणि तसाच खाली ठेवला. त्याचा चेहरा बघितला असतास. म्हणाला, मावशी, आतून कुणीतरी माझा हात धरला. त्याचं मनगट भिजलं होतं, बाही कोपरापर्यंत. वाळू चिकटलेली.

हत्यारं इथेच टाकून गेला. पुन्हा येणार नाही म्हणाला. रडत होता.

मग मीच हातोडा घेतला. बेसिनला चरा पण गेला नाही. माझ्या खांद्यातून कळ—

सोमवार, २९ सप्टेंबर

पाद्री येऊन प्रार्थना करून गेला. आमेन म्हणाला तेव्हा त्याचे पाय ओले होते. लादी कोरडी. तो माझ्याकडे न बघता बाहेर पडला.

सिलिंगाने तुझा नवा निरोप वाचला. तू लिहिलंस: बरं आजी, तू इतकी मागे लागलीस म्हणून तिकीट अलीकडचं केलं, पुढच्या सोमवारी पोचते.

मी मागे लागले नाही. मी तुला ये म्हटलं नाही, एकदाही नाही. सिलिंगा म्हणाली, तुझ्याच फोनवरून गेलंय, हे बघ, काल संध्याकाळी. तिने ते लावलं. माझा आवाज. माझंच हसू. म्हणत होता, वाइओला, डोकं विसरलीस तरी चालेल, आजीला विसरू नको, लवकर ये, तुझी जागा तयार आहे. मागे थेंब पडत होते.

काल संध्याकाळी मी फोनला हात लावला नव्हता. फोन बेसिनच्या काठावर होता.

सिलिंगाने माझ्याकडे बघितलं. मग फोन माझ्या हातात ठेवला, दोन बोटांनी, शेंबूड धरावा तसा. ती गेली.

गुरुवार, २ ऑक्टोबर

नीट ऐक. आता खूण सांगते. यापुढे ज्यात मी हसते, ज्यात तुझी फिरकी घेते, ज्यात तुला विसरभोळी म्हणते, ते माझं नाही. ते खोडून टाक. माझ्या बोलण्यात आता थट्टा नाही. ते पाईपमधलं अजून थट्टाच करतंय, कारण त्याने मला तेवढंच ऐकलंय.

त्यातलं आजोबाचं कोणतं आणि दुसरं कोणतं, हे मला आता वेगळं करता येत नाही. खोकला त्याचा आहे. बोलणं माझं आहे. मध्ये आणखी कुणीतरी आहे, खूप जण, वल्ही खूप आहेत—

तुझ्या बापाला फोन लावला. तो म्हणाला, आई, तू एकटी पडलीस, वाइओला येतेच आहे, तिला बघून बरं वाटेल तुला. मी ओरडले. तो म्हणाला, आई, ओरडू नकोस, रक्तदाब.

सगळे मला तुझ्याकडे ढकलत नाहीत. तुला माझ्याकडे ढकलतायत.

शनिवार, ४ ऑक्टोबर

घर थांबत नाही आता. दिवसाही. भांडी एका बाजूला सरकतात, परत येतात. दाराबाहेर टेकडी आहे, दिसते, सिलिंगाची डुकरं दिसतात. पण खिडकीखाली पाणी—

बापाचं आणखी एक आठवलं. त्या लंगड्याच्या आईला तो म्हणाला होता. जागा रिकामी राहत नाही, पण घरातलं थोरलं माणूस आधी जाऊन बसलं आणि होडीत वल्हेकऱ्याबरोबर जेवलं, तर जागा त्याची. तिला वेळेवर कळलं नव्हतं. मला कळलंय.

तू सोमवारी येणार. मी उद्या बसते.

भीती वाटते गं. म्हातारीला वाटू नये, पण वाटते. पोहता येत असूनही.

रविवार, ५ ऑक्टोबर

पहिला शंख झाला. कुणी येणार नाही आता. मी न्हाणीघरात लादीवर बसलेय, बेसिनखाली, पाय लांब करून. होडीत बसतात तशी. चीक मऊ झालाय. डोक्यावर थेंब पडायला लागले. थंड आहेत—

आजोबा समोर आहे. मान वळवत नाही. पोर आली का, विचारतो. मी म्हटलं, नाही. मी आलेय. तो वल्हं मांडीवर आडवं ठेवतो. जेवण मागतो. जेवल्याशिवाय जागा बदलत नाही. घरात पाव आहे, तो भिजला, तो घेत नाही—

सिलिंगाला फोन कर, माझ्या आवाजाला ती आता येणार नाही. आत्ता. शंख असू दे, तिला म्हणावं ये, मोड नियम. उमूतून, दगडांच्या भट्टीतून, आजच्या दुपारचं उरलेलं पाठव. केळीच्या पानात बांधून. अळकुड्या. नारळाच्या दुधातली पानं. भाजलेला नीरफणस. मासा नको, मासा अजिबात नको. दारातूनच सरकवायचं, आत यायचं नाही. दोन माणसांचं, त्याचं आणि माझं. तू आणू नकोस, तू विमानात बसू नकोस, नुसतं पाठवायला सांग. दोनच पानं. तिसरं मागितलं तर, माझ्या आवाजात मागितलं तरी, हसून मागितलं तरी, तिसरं—